बंदूक कपाटात ठेवताय? गंज आणि ओरखड्यांपासून ती अशी जपा

वडिलांची बारा बोअरची दुनळी माझ्याकडे आली तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं, की साफ करायची, तेल लावायचं आणि ठेवून द्यायची. मी तसंच केलं. भरपूर तेल चोळलं, आतून स्पंज लावलेल्या मऊ केसमध्ये घातली, चेन ओढली आणि केस कपाटात उभी केली. चार-पाच दमट महिने गेल्यावर चेन उघडली. नळीच्या उजव्या अंगावर, स्पंज जिथे टेकला होता तिथे, तपकिरी ठिपक्यांची रांग उमटली होती. स्पंजाचे उंचवटे एकेक करून मोजता यावेत इतकी स्वच्छ. आणि नळीच्या खालच्या बाजूला अंगठ्याचा एक ठसा. माझाच. रेषान् रेष दिसत होती, शाईच्या जागी गंज होता एवढाच फरक.

ती बंदूक त्या काळात एकदाही चालवली नव्हती. बंदूक वापरात असताना आपण ती पुसतो, बघतो, हाताळतो. बिघडते ती बहुतेक वेळा ठेवलेली असताना, आपली नजर नसताना. आणि तेल लावलं म्हणून ती वाचत नाही. तिच्याभोवतीची हवा कशी आहे आणि तिला काय टेकलेलं आहे, यावर खरा हिशेब ठरतो. हे मला नुकसान होऊन कळलं. तुम्हाला तसं कळू नये म्हणून सगळं क्रमाने लिहितो आहे.

गंज का चढतो, थोडक्यात

लोखंड, प्राणवायू आणि पाणी एकत्र आले की गंज. पाणी म्हणजे थेंबच पडायला हवेत असं नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की पोलादावर पाण्याचा न दिसणारा पातळ थर बसतो आणि तो पुरतो. त्यात घामातलं मीठ किंवा धूळ मिसळली की काम आणखी भराभर होतं. गंज सच्छिद्र असतो, ओल धरून ठेवतो आणि आपल्याखाली धातू खात जातो. वरून पुसला तरी खाली बारीक खड्डे राहतात, आणि खड्डा काही भरून निघत नाही.

लागणारं सामान आणि कागद

- क्लीनिंग रॉड किंवा पुलथ्रू (नळीतून चिंधी ओढायची दोरी), बोअरच्या, म्हणजे नळीच्या आतल्या मापाचा ब्रश, सुती चिंध्या
- सॉल्व्हंट, पातळ बंदुकीचं तेल, आणि लांबच्या साठवणीसाठी गंजरोधक ग्रीस किंवा मायक्रोक्रिस्टलाइन मेण
- नायट्राइलचे हातमोजे
- डिजिटल हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारं यंत्र. एकच वस्तू घेणार असाल तर आधी ही घ्या
- पुन्हा सुकवता येणारं सिलिका जेल, किंवा कपाटात बसवायची हीटर-दांडी
- सिलिकॉन लावलेला विणलेला गन सॉक, म्हणजे बंदुकीवर चढवायचा लांब मोजा
- परवान्याची प्रत, क्रमांकांची नोंद आणि प्रत्येक बंदुकीचे दोन्ही बाजूंनी काढलेले तारखेसह फोटो

फोटो आळसाने टाळू नका. सहा महिन्यांनी "हा डाग आधीपासून होता का?" असा प्रश्न पडतो, तेव्हा स्वतःच्या आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही. हे कागद मात्र बंदुकीला लागून ठेवू नका. कागद आणि पुठ्ठा दोन्ही ओल शोषतात.

1. आधी रिकामी करा, मग बाकीचं

मॅगझिन (काडतुसांची पेटी) असेल तर काढा, ॲक्शन (काडतूस भरायची-काढायची यंत्रणा) उघडा, चेंबर (नळीत काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी पाहा आणि बोटाने चाचपा. मगच फडकं हातात घ्या. काडतुसं त्या खोलीतून बाहेर. बंदूक कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात, आणि तुम्ही राहता तिथला कायदा साठवणीबद्दल जे सांगतो ते अक्षरशः पाळायचं. यात सूट नाही.

2. नळी आतून साफ करा, पण आधी काय झाडलंय ते आठवा

आजच्या नेहमीच्या काडतुसांनंतर सॉल्व्हंट, ब्रश, कोरडी चिंधी आणि शेवटी तेलाची चिंधी एवढं पुरतं. चिंधी जवळजवळ स्वच्छ बाहेर येईपर्यंत थांबू नका. रॉड शक्यतो मागच्या बाजूने घाला, म्हणजे नळीचं तोंड घासलं जात नाही.

दोन अपवाद मात्र लक्षात ठेवा. जुन्या लष्करी साठ्यातल्या कित्येक काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या टोपीत, पोटॅशियम क्लोरेट असतं. ते जळलं की नळीत पोटॅशियम क्लोराइड उरतं. हे मीठच. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि तेलात विरघळत नाही. वरून कितीही तेल लावा, मीठ खाली तसंच बसून राहतं. ते पाण्यानेच धुवायला लागतं. गरम पाणी ओता, लगेच पूर्ण कोरडं करा आणि मग तेल लावा. काळ्या बारूदाचंही तसंच. त्याची राखही ओल धरते आणि साबणाच्या गरम पाण्याने निघते. बंदुकीला पाणी लावायला नवख्या माणसाचा हात धजत नाही, पण इथे पाणीच तिला वाचवतं.

3. झिलई कोणती आहे ते ओळखा

जुन्या बंदुकांवरचा निळसर काळा रंग म्हणजे ब्लुइंग. तो रंग लावलेला नसतो, पोलादाच्याच पृष्ठभागाचं काळ्या लोह-ऑक्साइडमध्ये, म्हणजे मॅग्नेटाइटमध्ये, रूपांतर केलेलं असतं. थर फार पातळ असतो. तेल धरून ठेवणं हे त्याचं खरं काम, एकटा तो गंज अडवत नाही. आम्लाला तर तो टिकतच नाही. व्हिनेगर आणि बाजारातली बहुतेक गंज काढायची द्रावणं गंजाबरोबर ब्लुइंगही घेऊन जातात.

राखाडी, खरखरीत झिलई असेल तर ती फॉस्फेटची, पार्करायझिंग म्हणतात ती. ती तेल छान पिते, पण कोरडी राहिली तर कामाची नाही. निकेलच्या मुलाम्यावर अमोनिया असलेलं तांबं-काढू सॉल्व्हंट जास्त वेळ ठेवू नका. ते मुलाम्याखाली शिरलं तर पापुद्रे सुटतात. ॲल्युमिनियमच्या ॲनोडाइज्ड भागांना तीव्र अल्कधर्मी साबण चालत नाहीत. स्टेनलेस पोलादात क्रोमियम किमान 10.5 टक्के असतं, म्हणून ते उशिरा गंजतं. उशिरा म्हणजे कधीच नाही असं नव्हे. ग्रिपखाली आणि स्क्रूच्या खाचेत त्यालाही डाग पडतात.

4. हात धातूला लावू नका

शेवटची पुसणी सुरू करण्यापूर्वी हातमोजे घाला. घामात मीठ असतं आणि लॅक्टिक आम्लही असतं. काही माणसांच्या हातांनी एका रात्रीत ठसा उमटतो. ग्रिप पकडून बंदूक कपाटात नेताना दुसरा हात सवयीने नळीखाली जातो, माझा तसाच गेला होता. म्हणून तेलाचं फडकं शेवटपर्यंत हातात ठेवा, कपाटात ठेवताना नळी त्या फडक्यातूनच धरा आणि ठेवून झाल्यावर फडकं काढून घ्या.

5. तेल, ग्रीस की मेण

महिन्यातून एकदा तरी बंदूक बाहेर काढत असाल तर पातळ तेल पुरे. तेल थेट बंदुकीवर ओतू नका. फडक्याला लावा आणि फडकं फिरवा. धातूवर बोट टेकवलं तर तेलकट लागावं, पण ओघळ दिसू नये, इतकंच. जादा तेल धूळ धरतं, जुनं झालं की चिकट होऊन फायरिंग पिनच्या वाटेत बसतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे लाकडात मुरतं. ॲक्शनच्या मागचं लाकूड वर्षानुवर्षं तेल पिऊन काळं आणि पिठूळ झालेलं पाहिलंत की हे पटेल. म्हणूनच काही जाणकार बंदूक नळीचं तोंड खाली करून ठेवतात, म्हणजे तेल ओघळलं तरी दस्त्याकडे जात नाही. तसं ठेवायचं असेल तर तोंडाखाली न शोषणारी मऊ चकती हवी.

डब्ल्यूडी-40 बद्दल हमखास विचारलं जातं. त्याच्या नावातच त्याचं काम आहे: डब्ल्यूडी म्हणजे पाणी हटवणं, आणि 40 म्हणजे चाळिसाव्या प्रयत्नात जमलेलं सूत्र. 1953 मध्ये ॲटलस क्षेपणास्त्राच्या बाह्य आवरणाला गंजापासून वाचवायला ते तयार झालं. पावसात भिजलेल्या बंदुकीवरचं पाणी काढायला उत्तम. महिनोन् महिने ठेवायच्या बंदुकीवर एकटं तेच लावून थांबू नका.

लांबच्या साठवणीसाठी माझी पसंती मेणाला आहे. मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचं पॉलिश ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत 1950 च्या दशकात संग्रहातल्या वस्तूंसाठी विकसित झालं, आणि आजही संग्रहालयांत धातूवर आणि लाकडावर ते वापरतात. धातू आधी पूर्ण तेलमुक्त करा, चिमूटभर मेण फडक्यावर घेऊन पातळ पसरवा, थोड्या वेळाने कोरड्या फडक्याने चकाकवा. ते ओघळत नाही, लाकडाला चालतं, बोटांचे ठसेही त्यावर सहज बसत नाहीत. आतल्या हलत्या भागांना मात्र तेलच.

वर्षांसाठी ठेवायची असेल तर कॉस्मोलिनसारखं जाड ग्रीस आहे. सैन्याने रायफली त्यातच माखून ठेवल्या आणि दशकांनंतर त्या धडधाकट निघाल्या. नळीत ग्रीस भरलंत तर बंदुकीला दोरीने एक मोठी चिठ्ठी बांधा: "नळीत ग्रीस आहे, साफ केल्याशिवाय झाडू नये." अडथळा असलेली नळी झाडताना फुटू शकते.

लाकडी दस्त्याला जवसाचं तेल लावत असाल तर आणखी एक जीवघेणी गोष्ट. त्या तेलाची चिंधी चुरगळून टाकली तर सुकताना आतल्या आत तापते आणि आपोआप पेट घेऊ शकते. ती मोकळ्या जागेत पसरून वाळवा, किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या धातूच्या डब्यात टाका.

6. कशात ठेवायची नाही

स्पंजाची केस फक्त ने-आण करण्यासाठी. स्पंज ओल शोषतो आणि ती धातूला चिकटवून धरतो. चामड्याचं होल्स्टर आणि चामड्याचा पट्टा साठवणीत बंदुकीवर ठेवू नका. कमावताना वापरलेली आम्लं आणि क्षार चामड्यात उरतात, शिवाय चामडं दमट हवेत ओलं राहतं. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीत बंदूक बांधली की आतली हवाही आतच अडकते. पिशवीच हवी असेल तर गंजरोधक वाफ सोडणारी व्हीसीआय पिशवी घ्या आणि तिचं तोंड नीट बंद करा. उघडी राहिली तर वाफ उडून जाते. नळीच्या तोंडात बूच बसवू नका, आत ओल साचते.

गन सॉक मात्र जरूर वापरा. त्यातून हवा खेळते आणि शेजारच्या बंदुकीशी टक्कर होत नाही.

7. कपाटातली हवा

इथे सगळ्यात जास्त लक्ष घाला. आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांच्या आसपास ठेवायची आहे. वर गेली की पोलाद धोक्यात येतं. फार खाली, 30 च्या घरात, गेली की दस्त्याचं लाकूड आकसतं आणि तडकतं. फक्त लोखंडाचा विचार करून हवा अगदी कोरडी करणारे लाकडाचं नुकसान करून बसतात.

हायग्रोमीटर आधी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घाला. झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद पिशवीत एकत्र ठेवा आणि रात्रभर एका जागी राहू द्या. मिठाच्या संपृक्त द्रावणावरची हवा 75 टक्क्यांवर स्थिर होते. तुमचं यंत्र 80 दाखवत असेल तर ते 5 ने जास्त दाखवतं. तेवढी वजाबाकी यंत्राच्या पाठीवर लिहून ठेवा.

जागा निवडा. कपाट थेट काँक्रीटच्या जमिनीवर नको, खाली ठोकळे द्या. बाहेरच्या थंड भिंतीला चिकटवू नका. त्याच खोलीत ब्लीच, आम्लाचे क्लीनर किंवा क्लोरीनच्या गोळ्या ठेवू नका. त्यांची वाफ बंद डब्यातूनही निसटते आणि पोलादावर बसते. कपाट नव्या ओकच्या लाकडाचं असेल तरी सावध राहा, त्यातून ॲसेटिक आम्लाची वाफ निघत राहते.

सिलिका जेल की हीटर-दांडी? कपाट नीट बंद होत असेल आणि वीज नसेल तर सिलिका जेल. रंग बदलणारे दाणे घ्या: नारिंगी दाणे ओले झाले की हिरवे होतात. निळ्याचे गुलाबी होणारे दाणे टाळा, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते विषारी आहे. माझी पद्धत वजनाची आहे. कोरडं असताना डबी तोला, आकडा डबीवर लिहा. वजन साधारण पाचव्या हिश्शाने वाढलं की ते 120 अंश सेल्सिअसच्या आसपास काही तास सुकवा. आठवणीने सुकवणार नसाल तर सिलिका जेल ठेवू नका. भरलेलं जेल म्हणजे बंदुकीशेजारी साठवलेलं पाणी.

दार वारंवार उघडत असाल किंवा फटी असतील तर तळाशी बसवायची हीटर-दांडी बरी. ती ओल काढत नाही, हवा किंचित गरम करते. 25 अंशांवर 60 टक्के असलेली हवा 30 अंशांपर्यंत गरम झाली की तीच आर्द्रता 45 टक्क्यांवर येते. पाणी तेवढंच, पण धातूवर बसत नाही.

एक सापळा नीट समजून घ्या. कपड्यांच्या कपाटात ठेवायचे ओल शोषणारे डबे मिळतात, ज्यांच्या तळाशी पाणी साचतं. त्यात बहुधा कॅल्शियम क्लोराइड असतं आणि साचलेलं पाणी म्हणजे तीव्र खारं द्रावण. डबा एकदा लवंडला तर एवढी सगळी मेहनत वाया. ते बंदुकीच्या कपाटात कधीच नको.

अमोनियाचे सॉल्व्हंटही काडतुसांच्या कपाटात ठेवू नका. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या छावण्यांत तबेल्यांजवळ साठवलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पावसाळ्यात आपसूक तडकत. कारण निघालं घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया. 1921 मध्ये ते शास्त्रीयदृष्ट्या उलगडलं.

आणि कपाटाला आगीची झळ लागली, तर बंदुका शक्य तितक्या लवकर बाहेर काढून वाळवा. आगरोधक कपाटाच्या जिप्समच्या अस्तरात वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतकं पाणी बांधलेलं असतं. ते वाफ होऊनच आगीला अडवतं, आणि ती वाफ आतच राहते.

8. थंडीतून आत आणताना

25 अंशांच्या, 60 टक्के आर्द्रतेच्या खोलीचा दवबिंदू सुमारे 17 अंश असतो. त्याहून थंड बंदूक त्या खोलीत उघडलीत की डोळ्यांदेखत तिला घाम फुटतो, नळीच्या आतसुद्धा. म्हणून आत आणल्यावर केस बंदच ठेवा, दोन-तीन तासांनी बंदूक खोलीइतकी उबदार झाली की उघडा, पुसा, तेल लावा आणि मगच कपाटात ठेवा. केस उघडायची विसरू नका, नाहीतर परत स्पंजाचीच गोष्ट.

9. झिलई घासली जाऊ नये म्हणून

गंजाने नाही तर हलगर्जीपणाने जाणारी झिलईही पुष्कळ असते. ब्लुइंग कडांवर आणि नळीच्या तोंडाशी आधी उडतं. बंदुका कपाटात एकमेकींना टेकून उभ्या करू नका. बंदुकीच्या आधारांना नायलॉनची किंवा मऊ रबरी टोपी घाला. एकच फडकं वर्षभर वापरू नका, त्यात अडकलेले वाळूचे कण पॉलिश पेपरचं काम करतात. होल्स्टर आतून झटकून घ्या. स्क्रूला नेमक्या मापाचाच स्क्रूड्रायव्हर लावा, स्क्रूच्या खाचेची फाटलेली कड हा गंज शिरायचा सोपा दरवाजा आहे.

10. महिन्याची पाहणी, आणि गंज दिसलाच तर

दमट दिवसांत पंधरा दिवसांनी, एरवी महिन्याने. हायग्रोमीटर वाचा, आधारांना टेकणाऱ्या जागा, ट्रिगर गार्डचा आतला भाग, दुनळीच्या दोन नळ्यांमधली पट्टी आणि ग्रिपच्या कडा पाहा. गंज पहिल्यांदा तिथेच बसतो.

ताजा तपकिरी डाग असेल तर तेल लावून काही तास सोडा आणि खरखरीत सुती फडक्याने पुसा. नाही गेला तर तेलात भिजवलेली 0000 नंबरची, म्हणजे अगदी बारीक तारांची, स्टील वूल अगदी हलक्या हाताने, दोन बोटांच्या दाबाने. दर काही घासण्यांनंतर फडक्यावर काय आलं ते बघा. तपकिरी येत असेल तर गंज निघतोय. काळं-निळं यायला लागलं की ब्लुइंग निघतंय, तिथेच थांबा. पॉलिश पेपर आणि व्हिनेगर हातात घेऊ नका. उडालेल्या जागी लावायचं कोल्ड ब्लू मिळतं. त्यात बहुधा सेलेनियमचे विषारी क्षार असतात, म्हणून हातमोजे घालून, उघड्या हवेत लावा. रंग मूळ ब्लुइंगशी तंतोतंत जुळत नाही आणि संरक्षणही थोडंच, त्यावर लगेच तेल हवंच.

बंदूक जुनी, संग्राह्य असेल तर घासूच नका. तेल लावून तिथेच थांबा आणि जाणकाराला दाखवा. खड्डे नळीच्या आत किंवा चेंबरमध्ये असतील तर बंदूक शस्त्रकारागिराने तपासल्याशिवाय झाडू नका.

11. पुन्हा बाहेर काढताना

रिकामी आहे याची खात्री करा, पहिल्या पायरीप्रमाणेच. मग कोरडी चिंधी नळीतून आरपार काढा आणि नळीतून उजेडाकडे पाहा: अखंड गोल, चकचकीत प्रकाश दिसला पाहिजे. चेंबरमधलं तेल पूर्ण पुसा. हलत्या भागांना तेलाचा एकेक थेंब द्या. ग्रीसची चिठ्ठी असेल तर ती सगळ्यात शेवटी काढा, नळी साफ झाल्यावरच.